सीन बेचाळीसचा कप

मुलगी : इथे थांबवते. आता नीट बघ. कपाचा कान कुठे आहे?

आई : कपाला असतो तिथेच.

मुलगी : आई, कुठल्या बाजूला?

आई : उजव्या.

मुलगी : आता पुढचा शॉट. मोठे साहेब खुर्चीत, एजंट समोर उभा, खोलीत तिसरं कुणी नाही. आता कान?

आई : मला कांदे चिरायचेत गं.

मुलगी : डावीकडे. आणि चहा अर्धा. मधे साहेब एवढंच म्हणाले, ‘येताना कुणी पाहिलं तर नाही?’ तेवढ्यात अर्धा कप चहा गेला आणि कप फिरला. आणि साहेबांचे दोन्ही हात टेबलाखाली.

आई : यात नवीन काय सांगितलंस? तुमच्या त्या सिनेमावेड्यांच्या ‘बारीक नजर’ मंडळाने यावर तक्ते छापलेत. कान डावीकडे गेला की साहेब खोटं बोलतात. या हेराचे सतरा सिनेमे झाले, सतराही वेळा बरोबर.

मुलगी : सोळा. बाराव्यात कप फुटतो.

आई : फुटायच्या आधी फिरतो. मी तिथे होते.

मुलगी : म्हणून तर तुला आधी दाखवतेय. सतराच्या सतरा सिनेमांना कंटिन्युइटी तुझी. एका शॉटमध्ये मेणबत्ती अर्धी असली तर पुढच्यात अख्खी दिसू नये, हे बघायला तिथे तू. एवढं बघणाऱ्या बाईला जे दिसलं नाही, ते तिच्या मुलीला दिसलंय. बसतेस का?

आई : उभीच बरी आहे.

मुलगी : कपाच्या मागे बघ. काचेचं कपाट.

आई : काचेत दिवे दिसतात. सगळ्याच सिनेमांत दिसतात.

मुलगी : जुन्या प्रिंटमध्ये. आता ती धुऊनपुसून साफ केलेली प्रिंट आली ना, त्यात दिव्याच्या खाली काहीतरी हलतं. एकच सेकंद. अडीच महिने मी त्या सेकंदात राहतेय. मोठं करते. हं. काय आहे?

आई : डाग.

मुलगी : डागाला बोटं आहेत.

आई : चारच दिसतात.

मुलगी : पाचव्याखाली पेन्सिल दाबलीय. पेन्सिलीला दोरा, दोरा मनगटाला बांधलेला. हात डावा. कप ठेवतो आणि मागे सरकतो. आता ऐक, मी माझ्या व्हिडिओत काय म्हटलंय ते. खोलीत तिसरी व्यक्ती होती. फितूर. सतरा सिनेमे आपण ज्याला शोधतोय तो फितूर पहिल्याच सिनेमात, एकोणिसाव्या मिनिटाला, साहेबांच्या शेजारी उभा राहून साहेबांचा चहा पितोय.

आई : फितूर कशाला चहा पिईल?

मुलगी : विष घातलंय का ते बघायला.

आई : विष तर फितूरच घालणार ना?

मुलगी : म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

आई : हे लोकांना दाखवलंस?

मुलगी : साडेसहाला जाणार. वेळ लावून ठेवलीय, आपोआप जातं. बाबा सव्वासहाला घरी येतात म्हणून मी नेहमी साडेसहाच ठेवते. पहिले बघणारे तेच असतात. ‘कुलूपवाला’ नावाने अंगठा देतात, मग चुकून काढतात, मग परत देतात, मग मला विचारतात दिला गेला का.

आई : आत्ता किती वाजले?

मुलगी : पावणेसहा.

आई : काढून टाक.

मुलगी : काय?

आई : हात अस्पष्ट आहे. लोक हसतील.

मुलगी : लोक हसत नाहीत, आई. मागे मी नवव्या सिनेमात एकाच कबुतराला दोन देशांत पकडलं, तर तीन जण रडले. तू कांदा चिरतेयस की त्याला मारतेयस?

आई : काढ म्हटलं ना.

मुलगी : कारण सांग. अडीच महिने गेलेत माझे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना विचारते, हे स्पष्ट की हे स्पष्ट, आणि घरी येऊन तोच प्रश्न मी स्वतःला विचारत बसते. एक कारण सांग.

आई : तो हात माझा आहे.

मुलगी : कुठला?

आई : काचेतला.

मुलगी : पण तू फितूर नाहीस.

आई : ते आता ठरायचंय.

मुलगी : थांब. हात दाखव. डावा. सुरी ठेव आधी, सुरीसकट नको. अरे देवा. हे अंगठ्याचं हाड. मी या हाडाला नाव दिलंय, आई. मी त्याला ‘सावलीचा अंगठा’ म्हटलंय. या अंगठ्याने तू मला लहानपणी औषध चाटवलंस.

आई : तेव्हाही तू ओळखलं नव्हतंस. चावली होतीस.

मुलगी : तू तिथे काय करत होतीस?

आई : चहा पीत होते. कामाचा अकरावा दिवस. सकाळपासून पोटात काही नाही. दिवे बदलायला वेळ लागणार होता, सगळे बाहेर गेले, आणि समोर चहा. मोठ्या साहेबांचं काम करणारे नट फार खानदानी, रंगीत पाणी चालायचं नाही त्यांना. खरा चहा, आलं घातलेला. मी म्हटलं एक घोट. मग म्हटलं एकाने काय होतं. मग दिवे लागले, कुणीतरी ‘चला’ म्हणालं, मी दचकून कप ठेवला आणि मागे झाले. डावखुरी मी. जसा उचलला तसा ठेवला.

मुलगी : कान डावीकडे.

आई : कान डावीकडे.

मुलगी : म्हणजे तीस वर्षं जगभरची माणसं ज्या कपावर भांडताहेत, लग्नं मोडताहेत...

आई : कुणाचं लग्न मोडलं?

मुलगी : मंडळाच्या खजिनदाराचं. ते राहू दे. म्हणजे तो सगळा संकेत, ती सगळी गुप्त भाषा, ती तुझी भूक होती? आई, हे तर फितुराहून भारी आहे. मी परत बोलून टाकते. अजून पाऊण तास आहे, मी...

आई : बाळा.

मुलगी : काय?

आई : सेटवर सामान मांडायचं काम कुणाकडे होतं?

मुलगी : सामान... बाबांकडे.

आई : हं.

मुलगी : बाबांची नोकरी ज्या कपावरून गेली तो हा कप?

आई : तुला काय वाटलं, सिनेमात कप किती होते?

मुलगी : मला वाटलं फुटला असेल. बाबा फक्त म्हणतात, ‘माझ्या हातून एकदा निष्काळजीपणा झाला.’ कुणीही काही नाजूक द्यायला लागलं की म्हणतात. शेजारच्यांनी बाळ धरायला दिलं तेव्हा म्हणाले. बाळाच्या आईने परत घेतलं बाळ.

आई : कप हलल्याचं एडिटिंगला कळलं. तोवर सेट मोडला होता, परत घेता येईना. दिग्दर्शक भडकला. म्हणाला, हलवला कुणी, वही आणा. सेटवर वहीचा शब्द शेवटचा. कोण कुठे उभं होतं, कुठलं बटण उघडं होतं, सगळं कंटिन्युइटीच्या वहीत असतं. माझ्या वहीत त्या जागी काही नव्हतं. कारण लिहिणारी चहा पीत होती.

मुलगी : मग?

आई : मग वही दाखवायच्या आदल्या रात्री बसून लिहिलं. ‘सीन बेचाळीस. दोन शॉटच्या मधे कप हलवला. सामान विभाग.’

मुलगी : आई.

आई : बावीस वर्षांची होते.

मुलगी : मी चोवीस वर्षांची आहे.

आई : म्हणून तुला सांगतेय.

मुलगी : आणि तू ज्याच्यावर आळ घातलास त्याच्याशी लग्न केलंस. हे कसं होतं? म्हणजे पायऱ्या कशा असतात त्याच्या?

आई : सांगायला गेले होते. त्यांनी कुलपांचं दुकान टाकल्याचं कळलं. गेले. समोर उभी राहिले. ते म्हणाले, काय हवंय? माझ्या तोंडातून निघालं, किल्ली करून हवीय.

मुलगी : नको. ती अकरा किल्ल्यांची गोष्ट नको.

आई : दुसऱ्या दिवशी परत गेले. परत तेच.

मुलगी : ती प्रेमाची गोष्ट आहे, आई. ‘तुझी आई एकाच दाराच्या अकरा किल्ल्या करून घेऊन गेली, तेव्हा मला समजलं.’ मी शाळेत निबंध लिहिलाय त्याच्यावर. बक्षीस मिळालंय. पेला.

आई : अकराव्या किल्लीला ते म्हणाले, तुमच्याकडे माणसं किती राहतात? मी म्हटलं, मी एकटीच. तर ते लाजले. मला त्यांचं लाजणं बघून वाटलं, आज नको, आज बरे दिसताहेत. मग पत्रिका छापल्या. पत्रिका छापल्यावर असलं कुणी सांगतं का? मग तू झालीस. तुझे दात, तुझ्या परीक्षा. दर वेळी काहीतरी असायचंच.

मुलगी : आणि बाकीचे सोळा कप?

आई : दुसऱ्या सिनेमाच्या वेळी त्या दिग्दर्शकाला कुणाचं तरी पत्र आलं, कपाची कल्पना काय सुंदर आहे म्हणून. त्याने मला विचारलं, हे मुद्दाम होतं का? मी म्हटलं, वाटतं तरी तसं. मग दुसऱ्यात मी फिरवला. मुद्दाम. तिसऱ्यात पण. एकदा झाली तर चूक असते, सतरा वेळा केली की त्याला शैली म्हणतात. मला वाटलं, शैली ठरली तर कुणाचाच दोष राहणार नाही. यांचाही नाही.

मुलगी : पण बाबांना कुणी बोलावलं नाही परत.

आई : नाही. शैलीचं पत्र सामानवाल्यांना जात नाही.

मुलगी : ठीक. मी काढते. हे बघ, काढतेय. अडीच महिने गेले खड्ड्यात. बाबा येतील, मी म्हणेन आज आजारी आहे, तू म्हण... थांब.

आई : काय झालं?

मुलगी : भिंगवाला.

आई : तो कोण?

मुलगी : मंडळातला. आठव्या सिनेमात नायिकेच्या दातात अडकलेला तीळ ज्याने शोधला तो. त्यालाही हात दिसलाय. लिहितो, ‘तुमचा व्हिडिओ आज साडेसहाला येतोय असं कळलं. मी पण तेव्हाच टाकतो. माझ्याकडे हाताचा मालक आहे. पहिल्या सिनेमाच्या सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो मिळाला. दोऱ्याची पेन्सिल एकाच बाईच्या मनगटाला आहे. बसलेल्यांत डावीकडून तिसरी.’

आई : डावीकडून चौथी. तिसरा माणूस वाकला होता.

मुलगी : तू आत्ता त्याची चूक काढू नकोस.

आई : हे तो सगळ्यांना दाखवणार?

मुलगी : सगळ्यांना. आणि कुलूपवाला मंडळातलं सगळं वाचतो. तळटीपासुद्धा. आई, बाबांना हे एका भिंगवाल्याकडून कळणार.

आई : किती वाजले?

मुलगी : सहा वाजून चार. त्याच्या आधी तुला सांगावं लागेल.

आई : जेवण झाल्यावर सांगते.

मुलगी : साडेसहाला कोण जेवतं?

आई : चहा देऊन...

मुलगी : चहा नको. या विषयात चहा अजिबात नको. समज, मी बाबा आहे. बोल.

आई : अहो.

मुलगी : काय गं?

आई : काही नाही.

मुलगी : हे तर तू तीस वर्षं सांगतेयस. परत.

आई : अहो, तुमच्याकडे जरा काम होतं.

मुलगी : किल्ली करायचीय का?

आई : तू बाबा होऊ नकोस. तुला जमत नाही. ते असं टोचून नसते बोलले.

मुलगी : मग काय बोलतील?

आई : काहीच नाही. हे बोलले नाहीत तर मी काय करू? रागावले तर मी ऐकून घेईन. पण ते उठून जाऊन गॅस बघून येतील. तीनदा. मला तेच नको आहे.

(जिन्यात पावलं. दाराबाहेर जिन्याच्या जाळीचं कुलूप एकदा ओढून पाहिल्याचा आवाज, मग पुन्हा एकदा, मग पुन्हा.)

बाबा : आलो गं. दुकानाला कुलूप लावलं बहुतेक.

मुलगी : लावलं असेल, बाबा.

बाबा : दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला परत गेलो तर समोरचा पेपरवाला म्हणाला, काका, लावलंत, मी साक्षीला आहे. चांगला माणूस आहे. आज तुझा नवीन येणार ना? वेळेत आलो ना?

मुलगी : वेळेत आलात.

बाबा : कशावर आहे?

मुलगी : ते... बाबा, पाणी देऊ?

बाबा : मी घेतो की. अरे, ही मिठाची बरणी सरकलीय. चिकटपट्टीच्या खुणेच्या दोन बोटं बाहेर आहे.

मुलगी : असू दे.

बाबा : असू दे काय, मी पट्ट्या लावल्यात कशाला? वस्तू उचलली की पट्टीवर ठेवायची. सेटवर पहिल्याच दिवशी शिकवतात. सकाळी मीच सरकवली असणार.

आई : मी सरकवली.

बाबा : नाही गं. तू नाही असं करणार. मीच असेन. मला आठवत नाही एवढंच.

आई : अहो, मी सरकवली. आत्ता. लक्ष ठिकाणावर नव्हतं.

बाबा : का? बरं वाटत नाही का?

आई : मिठाची बरणी मी सरकवली. आणि कप पण मी सरकवला.

बाबा : कुठला कप? सगळे आहेत जागेवर. सहा.

आई : सीन बेचाळीस.

बाबा : गॅस बघून येतो.

मुलगी : बाबा, बसा ना.

बाबा : मोठ्या साहेबांचा? पांढरा, निळ्या काठाचा?

आई : हो.

बाबा : तू कशाला सरकवशील? तू तर वही घेऊन बसायचीस. स्टुलावर.

आई : भूक लागली होती. तुम्ही दिवेवाल्यांबरोबर बाहेर गेला होतात. मी चहा प्यायले आणि घाईत उलटा ठेवला.

बाबा : पण वहीत होतं.

आई : वहीत मी लिहिलं.

बाबा : वहीत तूच लिहितेस. ते माहीतच आहे.

आई : खोटं लिहिलं.

बाबा : वहीत?

आई : हो.

बाबा : वहीत कसं खोटं लिहिलंस?

आई : भीती वाटली. कामाला नवीनच होते.

बाबा : नाही, तसं नाही विचारत. कामावरून काढतील अशी भीती सगळ्यांनाच असते. मी विचारतोय वहीत कसं? वहीत तर... मला आठवत होतं. मी कप उजवीकडे कान करून ठेवला होता. पट्टी लावली होती खाली, छोटी, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून नखाएवढी कापून. मी दिग्दर्शकाला सांगितलं, मी उजवीकडेच ठेवलाय. तो म्हणाला, वहीत बघ. बघितलं. वहीत होतं. मग मी म्हटलं, आपलंच डोकं. आपल्याला आठवतं ते खरं नसतं.

आई : मला कळतंय.

बाबा : काय कळतंय तुला?

मुलगी : बाबा...

बाबा : तू थांब, छोटे. मी कुलूपवाला आहे. सगळी गल्ली माझ्या कुलपांवर झोपते. आणि मी स्वतः लावलेलं कुलूप लावलंय की नाही हे मला पेपरवाल्याला विचारावं लागतं. मला दिसतं लावल्याचं. डोळ्यासमोर दिसतं. पण मी म्हणतो, तेव्हाही दिसत होतं.

आई : मी रोज बघते. तुम्ही दारापर्यंत जाता, परत येता, परत जाता. रोज बघते मी.

बाबा : रोज बघतेस.

आई : हो.

बाबा : आणि?

आई : आणि काही नाही. कितव्यांदा गेलात ते मोजते.

मुलगी : साडेसहा झाले.

आई : काढला नाहीस?

मुलगी : विसरले. गेला. भिंगवाल्याचाही गेला. बाबा, आता फोन बघू नका.

बाबा : काय आहे त्यात?

मुलगी : मी आईचा हात शोधलाय. तेव्हा माहीत नव्हतं आईचा आहे ते. मी त्याला फितूर म्हटलंय. आणि भिंगवाल्याने आईचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय की ही वहीवाली बाई आहे, हिने बहुधा भूक लागली म्हणून चहा प्यायला.

आई : संपलं.

मुलगी : थांब. लोक... अगं, लोक चिडलेत. त्याच्यावर. ‘एवढ्या मोठ्या मालिकेत कुणी भुकेने चहा पितं का.’ ‘दिग्दर्शकाच्या बुद्धीचा अपमान.’ एकाने पुराव्यासकट लिहिलंय की फोटोतली बाई उजव्या हाताची आहे. आमच्या खजिनदाराने लिहिलंय, ‘या कपासाठी मी संसार सोडला. असल्या थट्टा चालणार नाहीत.’ भिंगवाल्याला मंडळातून काढलं.

आई : काढलं?

मुलगी : चार मिनिटांत. तिळाच्या शोधाचं श्रेयही काढून घेतलं त्याच्याकडून. कुणी विश्वास ठेवत नाहीये, आई. तुझं खरं कुणालाच नकोय.

बाबा : मला हवंय.

मुलगी : काय?

बाबा : पहिला सिनेमा आहे का घरात?

मुलगी : बाबा, तुम्ही पहिला कधीच बघत नाही. आवाज खराब आहे म्हणता.

बाबा : आवाज बंद कर.

मुलगी : मोठ्या टीव्हीवर लावू? सीन बेचाळीस?

बाबा : त्याच्या आधीचा शॉट. एजंट आत येतो तिथून.

आई : अहो, मी काय म्हणते...

बाबा : तू बस. इथे नको, समोर बस. तुझी पहिली वही आहे का अजून?

आई : माळ्यावर आहे. सगळ्या आहेत.

बाबा : घेऊन ये.

आई : आत्ता?

बाबा : स्टूल सरकवू नकोस, मी धरतो. हं. पहिली. ही नाही, ही पाचवी. ती, कोपरे कुरतडलेली.

मुलगी : लावू?

बाबा : लाव. हळू. असंच. दार उघडलं, एजंट आला... आता साहेब मान वर करतील. थांबव.

मुलगी : थांबवलं.

बाबा : मोठं कर. टेबल. कपाकडे ने.

मुलगी : एवढं?

बाबा : अजून.

मुलगी : आता फुटेल चित्र.

बाबा : फुटू दे. ती खाली पांढरी रेघ दिसते का तुला? कपाच्या तळाशी.

मुलगी : कुठे? ...हो. बारीक. आई गं, ती अडीच महिने माझ्या डोळ्यासमोर होती. मला वाटलं लाकडाचा तडा आहे.

बाबा : पट्टी आहे. नखाएवढी. आणि कान?

मुलगी : उजवीकडे, बाबा.

बाबा : उजवीकडे.

आई : उजवीकडेच आहे हो.

बाबा : परत लाव. दार उघडतं तिथून.

मुलगी : लावते. ...दार. एजंट. साहेब. कप.

बाबा : परत.

आई : काहीतरी बोला. मला रागवा तरी.

बाबा : रागावेन. आज नाही, उद्या बघू. आज मला हे बघू दे. छोटे, परत.

मुलगी : बाबा, पाचव्यांदा झालं.

बाबा : परत लाव. हिने वही उघडलेली नाही अजून.

आई : उघडली. हे पान. हे... हे खोडू का मी?

बाबा : खोडू नकोस. राहू दे तसंच. खाली जागा आहे ना?

आई : दोन ओळी आहेत.

बाबा : पुरतील.

आई : काय लिहू?

बाबा : दिसतंय ते.